बोल्टच्या माथ्यावरील आकडा



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानांत साहित्य, इतिहास आणि संगीत यांच्या पंक्तीला मोटारीच्या लोखंडी बोल्टला पाट मांडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. निदान बेळगावात तरी तसे वाटण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच गावात, आणि १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला तोही येथेच. उद्यमबागेतील ओतशाळांतून मोटारींचे ओतीव भाग आज दूरदूर जातात. शिवाय आजचा विषय एका अर्थाने वाचनाचाच आहे. मोटारीच्या अनेक धातूच्या भागांवर काही अक्षरे आणि आकडे उठवलेले असतात. ते रोज नजरेखालून जातात. वाचले मात्र क्वचितच जातात. आणि वाचले गेले, तरी बहुधा अर्धेच.

चाक, इंजिन किंवा पाटे यांना धरून ठेवणारा एखादा बोल्ट हातात घेऊन त्याचा षट्कोनी माथा पुसला, तर त्यावर ८.८ असा आकडा दिसतो. कित्येकांना तो मापाचा किंवा मालाच्या गटाचा क्रमांक वाटतो. वस्तुतः तो पोलादाच्या बळाचा दाखला आहे आणि त्याचे व्याकरण अगदी सोपे आहे. बिंदूच्या डावीकडील ८ ला शंभराने गुणावे. ८०० आले. याचा अर्थ, या पोलादाचा एक चौरस मिलिमीटर छेद तोडावयास ८०० न्यूटन ओढ लागेल. न्यूटन हे माप परके वाटत असेल, तर ते सुमारे ८१ किलो वजन समजावे. म्हणजे शिसपेन्सिलीच्या शिशापेक्षाही बारीक तार आणि तिला लटकलेला एक धष्टपुष्ट गृहस्थ! बिंदूच्या उजवीकडील ८ म्हणजे दहापैकी आठ. तोडणाऱ्या ताणाच्या आठ दशांशापर्यंत, म्हणजे ६४० न्यूटनपर्यंत, हे पोलाद रबराप्रमाणे वागते. ओढले तर किंचित लांबते, सोडले तर मूळच्या लांबीवर येते. त्यापुढे ओढले, तर ते तुटत नाही, पण परतही येत नाही. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये ताण आणि लांबी यांच्या प्रमाणाचा नियम प्रसिद्ध केला, त्याचे राज्य येथवरच चालते.

दोन मर्यादा आहेत, ही गोष्ट या आकड्यात सर्वांत महत्त्वाची आहे. सामान्य माणूस विचारतो, हे किती वजनाला तुटेल? अभियंता विचारतो, हे किती वजनाला बिघडेल? मोटारीचा बहुतेक भाग तुटण्याच्या पुष्कळ आधीच निकामी झालेला असतो. वाकलेला दांडा आणि लांबलेला बोल्ट अखंडच असतात, पण ज्या कामासाठी ते बसवले ते काम त्यांच्याकडून आता होणार नसते.

बारा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एम बारा, बोल्ट घेऊ. आट्यांचा खोलवा वगळता त्याचा कामाला येणारा छेद ८४.३ चौरस मिलिमीटर भरतो. ८.८ प्रतीचा असा बोल्ट सुमारे ६.९ टनाला तुटतो. परीक्षेच्या वेळी त्यावर सुमारे पाच टन भार घालून काढून घेतात आणि तो लांबला नाही ना, हे पाहतात. आता त्याच मापाचा, त्याच आट्यांचा, तसाच चकचकीत, परंतु ४.६ प्रतीचा बोल्ट घ्या. तो सुमारे ३.४ टनाला तुटतो आणि सुमारे दोन टनांनाच लांबू लागतो. दोन्ही एकाच नटात बसतात, दोन्हींना पाना एकच लागतो. रस्त्यात बोल्ट हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ‘मापाचा’ बोल्ट आणून लावणारा मनुष्य माप जुळवतो, बळ जुळवत नाही. फाटकाच्या बिजागरीला जो बोल्ट पिढ्यान्‌पिढ्या पुरेल, तो चाकाला पुरेल असे नव्हे. चाकाचे बोल्ट तर पुष्कळदा ८.८ च्याही वरच्या, १०.९ च्या प्रतीचे असतात.

आपल्याकडे ही प्रतवारी भारतीय मानक १३६७ मध्ये दिलेली आहे. अमेरिकेची पद्धत निराळी. तेथे आकड्याऐवजी माथ्यावर रेघा असतात. तीन रेघा म्हणजे पाचवी प्रत, सहा रेघा म्हणजे आठवी. अमेरिकन आठवी प्रत आणि आपले ८.८ यांचा आठ हा आकडा सारखा असला, तरी त्या एक नव्हेत. अमेरिकन आठवी प्रत आपल्या १०.९ च्या जवळ जाते. परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या हौशी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आकड्याशेजारी आणखी एक खूण असावी लागते, ती म्हणजे करणाऱ्याची. प्रत लिहिली आहे पण कारखान्याचे चिन्ह नाही, असा बोल्ट निनावी पत्रासारखा समजावा. ही शंका निष्कारण नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत सहा रेघांचे असंख्य बोल्ट निघाले, ज्यांचे पोलाद आठव्या प्रतीचे नव्हते. साध्या तापमानात ते ओढीच्या परीक्षेत उतरत. पण इंजिनाजवळच्या उष्णतेत त्यांचे बळ टिकत नसे. प्रकरण तेथील संसदेपर्यंत गेले आणि १९९० मध्ये बोल्टांच्या गुणवत्तेचा स्वतंत्र कायदा झाला. बोल्टसारख्या वस्तूसाठी एका मोठ्या राष्ट्राला कायदा करावा लागला, यात हसण्यासारखे काही नाही.

आता हा बोल्ट चाकाला लावू. चाकाचे वजन बोल्टांवर टांगलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. बोल्ट आवळला की तो ताणला जातो, आणि त्या ताणाने चाकाची तबकडी मागच्या बैठकीवर दाबून धरली जाते. वजन पेलते ते या दोन पृष्ठांमधील घर्षण. एम बाराचा नट मोटारीत साधारणपणे १०० न्यूटन-मीटर पिळाने, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो जोर देऊन, आवळतात. तेवढ्याने बोल्टमध्ये सुमारे सव्वाचार टनांची ओढ निर्माण होते. चार बोल्टांची मिळून सतरा टन! आणि त्या चाकावरचे मोटारीचे वजन असते अवघे तीनचारशे किलो. ही उधळपट्टी नव्हे. चाक बैठकीवर जराही सरकू नये आणि रस्त्याचा प्रत्येक हिसका बोल्टपर्यंत पोहोचू नये, याचीच ती तरतूद आहे. सैल बोल्ट धोक्याचा असतो तो चाक लगेच गळून पडेल म्हणून नव्हे. बोल्टला न सोसणारे हिसके तो आता स्वतः खाऊ लागतो म्हणून.

पान्याला दिलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो; बोल्ट ताणण्याच्या कामी येतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून घर्षण थोडे बदलले तरी हिशेब पार बदलतो. आट्यांना तेल लावून तेवढ्याच जोराने आवळले, तर सव्वाचार टनांच्या जागी साडेपाच टनांपेक्षा अधिक ओढ बसू शकते, आणि ८.८ च्या बोल्टची परीक्षेची मर्यादा तर पाच टनांची! गंज चढला असेल, तर उलट घडते. पाना खट् म्हणतो, पण बोल्ट ताणलाच गेलेला नसतो. पान्याला लांब नळी लावून वर उभे राहणारा गॅरेजमधला पोरगा हिशेबाच्या दोन्ही बाजूंपासून सारखाच दूर असतो. पूर्वोक्त ४.६ चा बोल्ट या पिळाला लावला, तर तो घट्ट होत आहे असे हाताला वाटते. प्रत्यक्षात तो लांब होत असतो.

येथवर एकदाच दिलेल्या भाराचा विचार झाला. मोटारीचे आयुष्य तसे नसते. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरला, तर एका किलोमीटरला ते साडेपाचशे वेळा फिरते. एक लाख किलोमीटरला साडेपाच कोटी वेळा. प्रत्येक फेऱ्यात चाकाच्या तबकडीचा आणि तिला धरणाऱ्या फिरत्या दांड्याचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. साडेपाच कोटी वेळा इकडून तिकडे वाकणाऱ्या धातूला एकदाच ओढून काढलेला आकडा कितपत लागू पडणार?

या प्रश्नाने जगाला प्रथम हादरवले ते मोटारीत नव्हे, आगगाडीत. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाची आस मोडली. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद असल्याने पन्नासहून अधिक माणसे जळून मेली. दक्षिण ध्रुवाकडील सागर धुंडाळून सुखरूप परतलेला फ्रेंच नौकाधिपती द्युमाँ द्युर्व्हील हा त्यांतच पत्नी आणि मुलासह गेला. आस चांगल्या लोखंडाची होती, भारही नेहमीचाच होता. मग ती मोडली का? वापराने लोखंडाचे तंतू जाऊन त्याला खडीसाखरेसारखे स्फटिक आले, असे त्या काळी अनेकजण म्हणू लागले, आणि कारखान्यांतून ते अजूनही ऐकू येते. ते खरे नाही. धातू जन्मतःच स्फटिकमय असतो. मोडल्यावर ते दिसतात, इतकेच.

उत्तर शोधण्याचे मोठे श्रेय प्रशियन रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्होलर याचे. त्याने आसांचे नमुने फिरवत ठेवून वाकवणारी यंत्रे बांधली, कित्येक वर्षे ती चालवली आणि १८७० पर्यंत निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका भाराला न तुटणारे लोखंड त्याहून पुष्कळ लहान भाराच्या लक्षावधी आवर्तनांनी तुटते. भार कमी करत गेले, तर आयुष्य झपाट्याने वाढते. आणि पोलादाच्या बाबतीत अशी एक पातळी सापडते, की तिच्या खाली धातू जवळजवळ कितीही आवर्तने सोसतो. गुळगुळीत घासलेल्या नमुन्यात ती पातळी तोडणाऱ्या ताणाच्या सुमारे निम्मी असते. धातूच्या या अवस्थेला मराठीत ‘शीण’ म्हणणे शोभते. फरक एवढाच, की माणसाचा शीण रात्रीच्या झोपेने जातो, धातूचा कशानेही जात नाही. ॲल्युमिनियमला तर अशी तळाची पातळीच नसते. भार कितीही लहान असो, आवर्तने मोजली जातच राहतात. शोभेची मिश्रधातूची चाके लावणाऱ्यांना विक्रेता वजनातला फरक सांगतो. हा फरक सहसा सांगत नाही.

गुळगुळीत हा शब्द वर सहज आला, पण सगळी मेख तेथेच आहे. पट्टीला गोल भोक पाडले, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवून दिले. खाच जितकी अणकुचीदार, तितकी वाढ अधिक. बोल्टचे आटे म्हणजे एका मागे एक खाचाच. त्यामुळे बारा मिलिमीटरच्या बोल्टला सतत हेलकावणारा ताण जर सोसायचा असेल, तर तो सरासरीच्या वर-खाली सुमारे पन्नास न्यूटन इतकाच सोसतो. कोठे आठशे आणि कोठे पन्नास! त्याहून आश्चर्य असे, की महागाचा १२.९ प्रतीचा बोल्ट आणला, तरी या बाबतीत फारसा लाभ होत नाही.

मोडलेला तुकडा नीट पाहिला, तर हा इतिहास त्यावर लिहिलेला आढळतो. शिणाने मोडलेल्या दांड्याच्या तोंडावर एक भाग गुळगुळीत असतो, आणि त्यावर ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटतात तशा वक्र रेघा दिसतात. तडा येथून निघाला आणि थांबत थांबत पुढे सरकला. उरलेला भाग खरखरीत असतो. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खरखरीत भाग लहान असेल, तर भार फार नव्हता, तडा मात्र जुना होता. ‘गाडी खड्ड्यात आदळली म्हणून दांडा मोडला’ असे सांगितले जाते, तेव्हा हा तुकडा भंगारात जाण्यापूर्वी पाहावा. पुष्कळदा खड्ड्याने केवळ शेवटचा धक्का दिलेला असतो.

मग आकडा जितका मोठा तितका भाग चांगला, हा निर्णय तरी बरोबर का? तोही नाही. अतिकठीण पोलाद चिवटपणा गमावून बसते. १२.९ प्रतीच्या बोल्टांना विजेच्या साह्याने जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो. तो वेळीच भट्टीत तापवून काढला नाही, तर व्यवस्थित आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असताना, आपोआप तडकतो.

ओतीव लोखंडाचा आकडा आणखी निराळा. आपल्या ओतशाळांतील मंडळींना ‘एफजी दोनशे’ आणि ‘एसजी चारशे-पंधरा’ ही नावे घरच्यासारखी. पहिले साधे करडे बीड. दोनशे हा त्याचा ओढीतला आकडा. दाबात तेच बीड त्याच्या तिप्पट-चौपट सोसते, कारण त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या फटी ओढीत उघडतात आणि दाबात मिटतात. दुसऱ्यात चारशेच्या जोडीला पंधरा हा आकडा आहे. तुटण्यापूर्वी ते शेकडा पंधरा लांबते, असा त्याचा अर्थ. वितळलेल्या लोखंडात किंचित मॅग्नेशियम मिसळले, की ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमते. ही युक्ती १९४८ मध्ये जगापुढे आली आणि बीड ठिसूळच असणार ही शतकानुशतकांची समजूत मोडली. असे असूनही ब्रेकच्या तबकड्या अद्याप बहुधा करड्या बिडाच्याच करतात. त्यांना ओढ फारशी नसते. उष्णता झटकन पसरवणे आणि कंप गिळणे, ही कामे करडे बीड अधिक चांगली करते. मोठ्या आकड्याच्या मोहाने तेथे दुसरा धातू घालणारा फसेल.

आता सुट्या भागांवरून संपूर्ण मोटारीकडे येऊ. मिश्रधातूच्या चाकाच्या आतल्या बाजूस पुष्कळदा कमाल भार लिहिलेला असतो. समजा, तो ६०० किलो आहे. चार चाकांचे २४०० किलो झाले, तेव्हा गाडीत तितके भरता येईल, असा हिशेब करणारे भेटतात. गाडीचा भार मात्र चाक ठरवत नाही. पाटे, ब्रेक, टायर, सांधे, सांगाडा यांत जो सर्वांत आधी हार मानेल, तो ठरवतो. तो विचार करूनच कारखाना एकूण वजनाची मर्यादा गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत देतो. समजा, रिकामी गाडी ९५० किलो आणि मर्यादा १३५० किलो. उरले चारशे. पाच प्रौढ माणसे साडेतीनशेच्या घरात जातात. सामानाला पन्नास किलो उरले, आणि गोव्याच्या लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा अद्याप दारातच आहेत! त्या टपावर बांधल्या, तर टपाची मर्यादा आणखी वेगळी, आणि उंचावरचे वजन चोर्ला घाटाच्या वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूस झुकवते ते निराळेच.

‘कंपनी थोडे हातचे राखूनच सांगते’ असे यावर ठरावीक उत्तर येते. हातचे राखलेले असते, हे खरे. पण ते कोणासाठी? खड्ड्यात आदळताना चाकावरचा भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो, त्यासाठी. ओतीव भागात राहिलेल्या सूक्ष्म पोकळीसाठी, गंजासाठी, दहा वर्षांच्या शिणासाठी. ती शिल्लक आपल्या सामानाच्या नावे लिहिलेली नाही. वेल्डिंगच्या सांध्यांबाबत तर ढोबळ हिशेब असा, की हेलकावणारा ताण सव्वापट झाला की आयुष्य निम्म्यावर येते, कारण तेथे ताणाचा घन मोजावा लागतो. भार चौथाईने वाढला, आयुष्य अर्धे गेले. आणि गाडी मात्र त्या दिवशी ठणठणीत घरी परतली. अतिभाराची सवय लागते ती यामुळेच. शिक्षा गुन्ह्याच्या दिवशी होत नाही, आणि होते तेव्हा बहुधा दुसऱ्याच कोणाला होते, जुनी गाडी विकत घेणाऱ्याला. मालमोटारींच्या आसेवरील कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये वाढवण्यात आली. चार टायरांच्या एका आसेची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. ही अधिसूचना निघाली म्हणून जुन्या गाडीच्या आसेतले पोलाद त्या दिवसापासून अधिक बळकट झाले, असे मात्र घडले नाही.

अखेरीस जॅकविषयी, कारण तो बहुतेक गाड्यांत असतो. त्यावर ‘दोन टन’ लिहिलेले पाहून, गाडी तर एका टनाची, मग चिंता कसली, असे वाटते. हा आकडा सरळ उभ्या भाराचा, टणक आणि सपाट जमिनीवरचा आहे. उतारावर गाडी चार बोटे सरकली की जॅक तिरका होतो, आणि दोन टनांचा आकडा तिरक्या भारासाठी लिहिलेलाच नसतो. शिवाय जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीखाली शिरायचे असेल, तर आधी सांगाड्याखाली लोखंडी घोडी लावावी, गाडी तिच्यावर उतरवावी, विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, आणि काढलेले चाक आडवे करून गाडीखाली सारून ठेवावे.